थॉमसाइट, गारगोटी आणि ३८ फुटांची विहीर

आपल्या घरादारात पाणी पिऊन बसलेली सल्फेटं किती असतात, याची कधी मोजदाद केलीत तर दचकाल. दाढीनंतर फिरवायची तुरटी हे एक. नाशिककडे द्राक्षाच्या बागेत चुन्याबरोबर कालवून फवारतात ते मोरचूद हे दुसरं. हिराकस तिसरं. हा शब्द आता आजीबरोबरच गेला म्हणायचा, पण पूर्वी शाई करायला हिराकस लागायचा. आणि चौथं जिप्सम. ते फॉल्स सीलिंगमध्ये असतं, हात मोडल्यावरच्या प्लास्टरमध्ये असतं आणि गणपतीच्या कारखान्यातही असतं.

या सगळ्यांत समान गोष्ट म्हणजे शाळेत पाठ केलेलं स्फटिकजल. तुरटीत बारा रेणू, हिराकसात सात, मोरचुदात पाच, जिप्सममध्ये दोन. नववी-दहावीत मोरचूद परीक्षानळीत तापवून निळ्याचं पांढरं केलेलं आठवत असेल. वर थंड काचेवर पाण्याचे थेंब जमायचे आणि बाई म्हणायच्या, "हे पाणी कुठून आलं?" आम्ही एकसुरात "स्फटिकजल!" म्हणायचो आणि विषय संपायचा. तो संपायला नको होता. कारण ते पाणी दगड ओला असल्यामुळे आलेलं नसतं. खडे हाताला कोरडे ठणठणीत लागतात. ते पाणी रचनेचाच भाग असतं. घराच्या भिंतीतून विटा काढाव्यात तसं ते काढलं की भिंत भिंत राहत नाही. मोरचुदाच्या पाचांपैकी चार रेणू थेट तांब्याला धरून असतात. पाचवा सल्फेटच्या आधाराने अडकलेला असतो आणि सगळ्यात शेवटी, दोनशे अंशांच्या वर तापवल्यावर निघतो. जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास तापवलं की पाऊण पाणी जातं आणि प्लास्टर ऑफ पॅरिस उरतं. त्यात पुन्हा पाणी घातलं की ते हावरटासारखं पिऊन पुन्हा जिप्सम होतं. रोलबॅक म्हणतात तो हा.

हे सगळं आज खरडायचं कारण म्हणजे गेले दोन महिने मी एका दगडाच्या नादी लागलो होतो. ऑफिसात लोक शेअर बाजार बघायचे, तेव्हा मी खनिजांची वर्गवारी वाचत बसायचो. (मॅनेजर हे वाचत असेल तर : फक्त लंचटाइमात.)

जानेवारीत आम्ही चौघं तोरणमाळला गेलो होतो. पुण्याहून रात्रीच्या बसने शहादा आणि तिथून जीप. सपाटीवरचा ऊस, केळी, पपई मागे पडली की सातपुडा एकदम अंगावर येतो. घाटात रस्त्याच्या कापावर बेसॉल्टचे थर एकावर एक रचलेले दिसतात. वर यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं मंदिर आणि कडाक्याची थंडी. त्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय, फोटोही टाकलेत, त्यामुळे मी थांबतो. नंदुरबारला गेलात तर एवढं मात्र नक्की बघा : सपाट रानात मधेच काळ्या दगडाची लांबच लांब भिंत उभी दिसते. कुणी बांधलेली नाही. जमिनीच्या भेगेत लाव्हा घुसून गोठला आणि आजूबाजूचं झिजून गेलं, तिला डाइक म्हणतात. नंदुरबार-धुळे भागात अशा असंख्य आहेत.

दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर जो पावरा दादा वाट दाखवायला आला होता, त्याने परतताना आम्हाला त्याच्या पाड्यावर चहाला नेलं. घरामागे दगडांचा मोठा ढीग आणि त्याच्या पलीकडे विहीर. ३८ फूट खोल. उन्हाळाभर यारी लावून, सुरुंग उडवून खणलेली. तळाला एक हिरवट डबकं, तेही पावसाचं उरलेलं.

"पाणी नाही लागलं, हे लागलं," म्हणून त्याने ढिगातून एक दगड काढून हातात ठेवला.

काळ्या-तांबूस खडकात मुठीएवढी पोकळी आणि तिच्यात पांढऱ्या, काचेसारख्या सुयांचा झुबका. साळिंदराचं पिल्लू दगडात गुरफटून झोपावं तसा. सुरुंगाने बऱ्याच सुया मोडलेल्या, पण ज्या शाबूत होत्या त्या उन्हात अशा काही चमकत होत्या की आमच्यातल्या एकाने "हिरा का रे?" असं विचारून घेतलंच.

दादाने मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, तुम्ही इंजिनेर. याचे पैसे येतील का?" शहाद्याच्या बाजूचा कुणी माणूस एक घमेलं भरून घेऊन गेला होता आणि दोनशे रुपये देऊन गेला होता. म्हणजे काहीतरी किंमत असणार, हा त्याचा हिशेब. विहिरीला नातेवाइकांकडून उसने आणलेले पैसे होते आणि ते फेडायचे होते. मी सॉफ्टवेअरवाला, मला दगडातलं ओ का ठो कळत नाही, हे मी त्याला सांगितलं. पण विचारून कळवतो असा शब्द दिला आणि दोन तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून पुण्याला आणले. विहीर त्याच्या स्वतःच्या शेतातली होती म्हणून आणले. तिथल्या राखीव रानातून दगड उचलून आणणं ही वेगळी गोष्ट आहे. १९२७ च्या वन कायद्यात वनोपजाच्या व्याख्येत दगड आणि खनिजंही येतात, ट्रेकवाल्या मंडळींनी लक्षात ठेवावं.

आता खरी गंमत. माझा कॉलेजचा रूममेट सध्या न्यू जर्सीत असतो. त्याला खनिजांचं वेड आहे. त्याच्या घराजवळ पॅटर्सन नावाचं गाव आहे आणि तिथल्या जुन्या बेसॉल्टच्या खाणी जगभरच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. त्याला फोटो पाठवला. अर्ध्या तासात उत्तर : "थॉमसाइट तर नाही ना? असेल तर तुझा दादा सुटला."

थॉमसाइट! थॉमस नावाच्या कुणाशी याचा संबंध नाही. ग्रीक भाषेत 'आश्चर्य वाटणे' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आहे. १८७८ साली नॉर्डेनशॉल्ड या संशोधकाने स्वीडनमधल्या ब्येल्के खाणीतल्या या खनिजाचं वर्णन केलं. हा तोच नॉर्डेनशॉल्ड, जो त्याच वर्षी 'वेगा' जहाज घेऊन युरोपच्या उत्तरेकडून बर्फातून आशियाला वळसा घालायला निघाला आणि घालूनही आला. त्याला आश्चर्य वाटलं ते घटकांचं. एकाच खनिजात सल्फेट, कार्बोनेट आणि सिलिकॉन, आणि वर भरमसाट पाणी. तेल, पाणी आणि दूध एका भांड्यात सुखाने नांदताना दिसावं तसं.

पाणी किती? सूत्रात कॅल्शियमचे तीन अणू, सिलिकॉनचा एक, सहा हायड्रॉक्सिल, एक कार्बोनेट, एक सल्फेट आणि पाण्याचे बारा रेणू. मी वजनाचा हिशेब करून बघितला. हायड्रॉक्सिलचं धरून जवळजवळ ४३ टक्के पाणी निघतं! एक किलो कोरडा दगड घ्या, त्यात चारशे ग्रॅमच्या वर पाणी. अर्धा दगड आणि अर्धा माठ.

रचना त्याहून विलक्षण. पृथ्वीच्या कवचात सिलिकॉन जवळपास सगळीकडे चार ऑक्सिजनच्या मधोमध बसलेला असतो. वाळू असो, बेसॉल्ट असो, गारगोटी असो, नियम तोच. सहा ऑक्सिजनच्या मध्ये त्याला बसवायचं तर प्रचंड दाब लागतो, उल्का आदळल्यावर पडतो तसला. थॉमसाइटमध्ये मात्र तो साध्या दाबाला, थंडीत, कसलीही घाई न करता सहा हायड्रॉक्सिलच्या मध्ये बसतो. असे सिलिकॉन आणि कॅल्शियम मिळून खांब तयार होतात, खांबांना पाणी लगडलेलं असतं आणि खांबांच्या मधल्या बोळांत सल्फेट आणि कार्बोनेट भाडेकरूसारखे राहतात. म्हणून स्फटिक सुईसारखे लांबट. आणि सगळं इतकं ऐसपैस की घनता फक्त १.९. दगडाच्या मानाने हे फारच हलकं. काठिण्य साडेतीनच्या आसपास, म्हणजे चाकूने सहज ओरखडा जातो.

मग याला ठेवायचं कुठल्या कप्प्यात? ज्याने कधी डेटाबेसचा स्कीमा आखलाय त्याला ही डोकेदुखी लगेच कळेल. आज मान्यताप्राप्त खनिजं सहा हजारांच्या आसपास आहेत. बर्लिनच्या हुगो श्ट्रुंत्सने १९४१ साली रसायन आणि रचना दोन्ही बघून जी कोष्टकं केली, तीच सुधारत सुधारत आजही वापरतात. त्यात सातवा वर्ग सल्फेटांचा. त्यात पोटविभाग : पाणी नाही, पाणी आहे, जोडीला दुसरे ऋण आयन आहेत पण पाणी नाही, दुसरे आयनही आहेत आणि पाणीही आहे. मोरचूद, तुरटी, जिप्सम ही सरळमार्गी मंडळी 'क' मध्ये जातात. थॉमसाइट जातं 'ड' मध्ये, आणि त्यातही 'ग' या उपविभागात. या उपविभागाचं वर्णन वाचून मी मोठ्याने हसलो : मोठे धन आयन असलेली, शिवाय नायट्रेट, कार्बोनेट, बोरेट, सिलिकेट किंवा आयोडेट बाळगणारी. आमच्या प्रोजेक्टमध्ये 'इतर' नावाचं फोल्डर असतं ना, तेच हे! कुठल्याही नियमात न बसणारं पण टाकूनही देता न येणारं सगळं तिथे. जर्मन माणसालाही शेवटी 'इतर' करावंच लागलं, याचं मला फार बरं वाटलं. पण कार्बोनेटही असताना आणि सिलिकॉनही असताना त्याला सल्फेटांतच का टाकलं? कारण त्याचं खानदान. एट्रिंगाइट नावाचं एक सल्फेट आहे, त्यात अगदी असेच खांब असतात, फक्त सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम. रचनेचं साम्य महत्त्वाचं मानून भावंडांना एका घरात ठेवलं. मला हा निर्णय पटतो. नावापेक्षा इंटरफेस बघावा.

असो. प्रश्न दादाच्या दगडाचा होता.

तर्काने बघितलं तर पहिली शंका गंधकाची. थॉमसाइटला सल्फेट लागतं, ते येणार कुठून? पॅटर्सनला ते मिळण्याचं कारण आहे. तिथला लाव्हा खारट, आटत चाललेल्या तळ्यांच्या मुलखात पसरला. त्यातल्या सल्फेट क्षारांचे स्फटिक नंतर विरघळून गेले तरी त्यांचे चौकोनी साचे आजही तिथल्या दगडांत दिसतात. म्हणजे सल्फेटचा साठा हाताशीच होता. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मुख्यतः उघड्या जमिनीवर, थरावर थर असा ओतला गेला. दोन थरांच्या मधे तळी होती, पण बहुतेक गोड्या पाण्याची. लाव्हातला गंधक बराचसा वायू होऊन उडून गेलेला. नंतर याच थरांतून गरम पाणी फिरत राहिलं, त्याने खडकातलाच कॅल्शियम, सोडियम, सिलिका विरघळवून पोकळ्यांमध्ये आणून भरला आणि तयार झाली झिओलाइटं. पुण्या-नाशिक-जळगावच्या खाणींतून निघणारी, जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेली, आपल्या सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात दिव्याखाली मांडलेली ती हीच. (सिन्नरचं संग्रहालय एका विकांताला जरूर बघा. शिर्डीच्या वाटेवरच आहे.)

झिओलाइटांतही पाणी असतंच, पण त्याची जात वेगळी. १७५६ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश माणसाने एक खनिज तापवलं तर ते उकळल्यासारखं फसफसलं, म्हणून नाव पडलं झिओलाइट, 'उकळणारा दगड'. त्याच्या सांगाड्यात बोगदे असतात आणि पाणी त्या बोगद्यांत राहतं. बेताने तापवलं तर पाणी हळूहळू जातं, सांगाडा बहुधा तसाच उभा राहतो आणि हवेतली ओल पुन्हा आत येऊन बसते. जिप्सममध्ये पाणी म्हणजे भिंतीतली वीट, झिओलाइटमध्ये पाणी म्हणजे लॉजमधलं गिऱ्हाईक.

पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. रूममेटला मी हे सगळं सुनावलं तर तो म्हणाला, "लॉग बघ, अंदाज नको." मग एका शनिवारी सकाळी ओट्यावर प्रयोगशाळा मांडली.

पहिली चाचणी काठिण्याची. सुईवर चाकूचं टोक हलकेच फिरवलं. ओरखडा जेमतेम. थॉमसाइटवर तो सहज यायला हवा होता. पण सुया इतक्या बारीक की मोडतात की ओरखडतात तेच कळेना, म्हणून हा निकाल मी धरला नाही.

दुसरी आम्लाची. बाथरूम साफ करायचं ॲसिड पाण्यात चांगलं पातळ करून थोड्या पुडीवर टाकलं. (खिडकी उघडी, हातात मोजे. घरी करून बघणाऱ्यांनी ॲसिड पाण्यात घालावं, पाणी ॲसिडमध्ये नाही.) थॉमसाइटमध्ये कार्बोनेट आहे, ते फसफसायला हवं. बुडबुडा नाही. शेजारी तुलनेला अंड्याचं टरफल ठेवलं होतं, ते सोड्यासारखं फसफसलं. पुडी तशीच रात्रभर ठेवली तर सकाळी तळाशी पातळ जेली. नॅट्रोलाइटच्या कुळातली झिओलाइटं आम्लात अशीच जेली धरतात.

तिसरी माझी आवडती, आर्किमिडीजची. खडक अजिबात न चिकटलेला सुयांचा एक गठ्ठा निवडला, मधली हवा निघावी म्हणून रात्रभर पाण्यात भिजवला, मग पुसून-वाळवून बायकोच्या बेकिंगच्या काट्यावर ठेवला. ११.८ ग्रॅम. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून गठ्ठा दोऱ्याने आत लोंबकळता सोडला, तर काटा ५.२ ने वाढला. भागाकार २.२७. थॉमसाइट असतं तर काटा ६.२ ने वाढला असता. काट्याची चूक ०.१ धरली तरी मधलं अंतर भरून निघत नाही. आणि सुयांत थोडी हवा राहिली असेल तर खरी घनता याहून जास्तच असणार, म्हणजे थॉमसाइटपासून आणखी लांब.

चौथी आगीची. सोल्डरिंगच्या छोट्या टॉर्चच्या ज्योतीत चिमट्याने एक सुई धरली. ती आधी पांढरीफटक झाली आणि मग वळली! अगदी मीठ टाकल्यावर गांडूळ वळवळावं तशी. स्कोलेसाइट हे नाव ग्रीक भाषेतल्या 'अळी' या शब्दावरून आलंय आणि ते नेमकं यामुळेच. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हीच गंमत बघून नाव ठेवलं आणि मी कोथरूडच्या स्वयंपाकघरात तीच बघत होतो. पुढचे तीन-चार स्फटिक कारणाशिवाय जाळले हे कबूल :)

तर स्कोलेसाइट, नाहीतर त्याचा सख्खा भाऊ मेसोलाइट. दोघांत नुसत्या डोळ्यांनी फरक करता येत नाही, क्ष-किरणांचं यंत्र लागतं. पण दादाच्या प्रश्नापुरतं दोन्ही एकच. महाराष्ट्रात मुबलक मिळणारं झिओलाइट, त्यात पाणी सुमारे १४ टक्के. किंमत येते ती अख्ख्या, न मोडलेल्या, एकही सुई न तुटलेल्या झुबक्याला. विहिरीच्या सुरुंगाने फुटलेल्या घमेलाभर मालाला दोनशे रुपये हा काही फार फसवणुकीचा भाव नव्हता.

सांगायला जड जात होतं, म्हणून फोन करायला मी चार दिवस लावले. त्या चार दिवसांत थॉमसाइटवर आणखी वाचलं आणि एक वेगळंच प्रकरण सापडलं. १९९८ साली, म्हणजे नंदुरबार धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरमधून जाणाऱ्या एम-५ महामार्गाच्या पुलांचे पाये उकरले, तर जमिनीखालचं काँक्रीट बाहेरून पांढऱ्या लगद्यासारखं मऊ झालेलं. लगदा होता थॉमसाइटचा! पायाभोवती भरलेल्या चिकणमातीत पायराइट होतं. खणताना ते हवेला उघडं पडलं आणि त्यातून सल्फेट तयार झालं. काँक्रीटमधल्या चुनखडीच्या खडीने कार्बोनेट पुरवलं, थंडी आणि ओल तिथे बारमाही. पंधरा अंशांच्या खाली हे खनिज जोमात वाढतं. आणि सिलिकॉनसाठी ते सिमेंटला धरून ठेवणारा मूळ डिंकच खातं. सरकारने तज्ज्ञ गट नेमला, १९९९ च्या सुरुवातीला अहवाल आला. दुर्मिळ खनिज सापडल्याचा आनंद तिथे कुणालाही झाला नसावा.

आणि त्याचं भावंड एट्रिंगाइट? निसर्गात तेही दुर्मिळ, जर्मनीतल्या एट्रिंगेन गावाजवळच्या ज्वालामुखीच्या दगडांत प्रथम सापडलं म्हणून ते नाव. पण सिमेंट लगेच घट्ट होऊ नये म्हणून कारखान्यात त्यात थोडं जिप्सम दळतात आणि पाणी घातल्यावर पहिल्या काही तासांत तिथे एट्रिंगाइटच्या सुया तयार होतात. म्हणजे तुम्ही वीस वर्षं हप्ते भरून घेतलेल्या फ्लॅटच्या प्रत्येक स्लॅबमध्ये हे दुर्मिळ सल्फेट जन्माला आलेलं असतं. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये हे का छापत नाहीत कोण जाणे.

शेवटी एका संध्याकाळी फोन लावला. रेंज मिळेपर्यंत तीनदा कट झाला. सांगितलं, दादा, साधी गारगोटी आहे, फार पैसे नाहीत यायचे. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ठीक आहे. मग अजून खोल जायचं का?"

हा प्रश्न पहिल्यापासून त्याच्या मनात होता. मी पैशांतच अडकलो होतो. त्याला एवढं सांगू शकलो : पोकळ्यावाला खडक, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात, तो सडला-भेगाळला असेल तर पाणी देतो. पण त्याच्या विहिरीत पोकळ्या या सुयांनी गच्च भरल्यात, तेव्हा त्या थरातून फारसं झिरपायचं नाही. त्याच्याखाली भेगांचा थर आहे की नाही हे पुण्यात बसून, काट्यावर दगड तोलून कळत नाही. ते बघणारं सरकारी खातं आहे, भूजल सर्वेक्षण, त्याचं जिल्ह्याला ऑफिस असतं. त्यांचा माणूस आल्याशिवाय आणखी एक सुरुंगही उडवू नको. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की शेजारच्या पाड्यावर एकाने आडवे बोअर मारून थोडं पाणी काढलंय, तेही विचारून बघतो. पुढच्या आठवड्यात अर्ज लिहायला मदत कराल का, असंही विचारलं. अर्जाचा मसुदा मी काल पाठवलाय.

ढिगाचं काय केलंस विचारलं तर म्हणाला, घराला ओटा करतोय, त्याच्या भरावात टाकला. पाच-सहा चांगले तुकडे पोरांनी खिडकीत ठेवलेत. भरावाला काही हरकत नाही म्हटलं, यात सल्फेट नाही, सिमेंटला धोका नाही. थॉमसाइट निघालं असतं तर ओट्याजवळ टाकू नको म्हणून सांगावं लागलं असतं.